सिरीयलच्या सेटवर शेवटचा शब्द नक्की कोणाचा असतो?

कंटिन्युटीताई :

नमस्कार मंडळी. इथे लाइनमधले बरेच जण आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसलं म्हणून विचारतेय. मी एका मराठी डेली सिरीयलवर एडी म्हणजे असिस्टंट डिरेक्टर आहे, कंटिन्युटी बघते, म्हणजे एका शॉटमधले कपडे-दागिने पुढच्या शॉटशी जुळतात ना ते. चॅनेल कुठलं, प्रॉडक्शन हाऊस कुठलं ते सांगणार नाही, कोणी ओळखलंच तर इथे लिहू नका प्लीज. कामाबद्दल तक्रार नाही, बारा तासांची शिफ्ट आणि दिवसाला अख्खा एपिसोड काढायचा म्हणजे काय असतं ते माहीत असूनच आले. डोकं फिरतं ते सांगणाऱ्यांच्या गर्दीने.

आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात चॅनेलचा ईपी (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, चॅनेलकडून सिरीयलवर लक्ष ठेवणारा), ईपीचा वरचा, त्याच्या वरच्या फिक्शन हेड मॅडम, प्रोमोवाले, मार्केटिंगमधलं कोणीतरी, इकडून प्रॉडक्शन हाऊसचे क्रिएटिव्ह हेड, त्यांचे ज्युनिअर क्रिएटिव्ह, आणि निर्माते स्वतः. डिरेक्टरसर पण आहेत पण ते शूट करत असतात त्यामुळे ग्रुपवर त्यांचा फक्त अंगठा दिसतो.

मध्यंतरीचा किस्सा सांगते. नायिका बेडरूममधून तणतणत बाहेर येते आणि हॉलमध्ये सासूला जाब विचारते, असा सलग सीन. बेडरूमचा भाग आदल्या दिवशी झाला होता, हिरव्या साडीत, आणि तो लुक ईपीने फोटो बघून ओके केलेला होता. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मास्टर (सगळा सीन एकत्र दिसणारा शॉट) झाला, सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचे शॉट) झाले, क्लोज लावत होतो तेवढ्यात मेसेज, साडी डल दिसतेय, प्रोमोत लाल आहे, लाल द्या. मी लिहिलं की सर, बेडरूमचं हिरव्यात झालंय. उत्तर आलं मग ते परत घ्या. परत कसं घेणार, त्यातल्या नणंदेची डेट संपलेली, ती नाटकाच्या दौऱ्यावर सांगलीला. सगळं युनिट बसून. शेवटी क्रिएटिव्हने डायलॉग रायटरला फोन लावला की मधे साडी बदलायचं काहीतरी कारण टाक, त्याने बिचाऱ्याने साडीवर चहा सांडला असं लिहून पाठवलं, आम्ही लाल नेसवून उभी केली, लाइट परत केला, तर वरून विचारणा, चहा कोणी सांडला? धाकट्या जावेने मुद्दाम सांडला तर एपिसोडला चांगला हुक मिळेल ना? झालं. तो चहा पुढचे दोन एपिसोड चालला.

वाचताना हसू येतं, मलाही येतं आता, पण त्या दिवशी पॅकअप मध्यरात्रीच्या सुमाराला झालं आणि सकाळी सातचा कॉल होता.

तर विचारायचं हे की सगळीकडे असंच असतं का, आणि दोन साहेब दोन उलट गोष्टी सांगतात तेव्हा एडीने ऐकायचं कोणाचं? आणि फिल्म किंवा ओटीटीकडे गेलं तर यातून सुटका आहे का?

अर्धविराम :

ताई, तो चहा सांडणारा मी असू शकतो, मी नसेन तर माझ्याच जातीतला कोणी असेल :)

डायलॉग लिहितो. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, सिरीयलला कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आधी पुढच्या काही आठवड्यांचा ट्रॅक ठरतो, तो चॅनेलला ऐकवायचा, ओके झाला की एपिसोडचा वनलाइनर, म्हणजे एकेका सीनची एकेक ओळ, तो ओके झाला की स्क्रीनप्ले, तो ओके झाला की माझ्याकडे येतो. म्हणजे माझ्या हातात येईपर्यंत तीन वेळा सगळ्यांनी वाचून मान डोलावलेली असते. आणि तरी माझे संवाद गेले की संध्याकाळी फोन येतो, मुळात हा सीनच का आहे? अरे मला काय विचारता! तुम्हीच तर पास केला.

आणि पैसे मिळतात टेलिकास्ट झालेल्या एपिसोडचे. ड्राफ्ट किती झाले ते कोणी विचारत नाही. चेक येतो तीन महिन्यांनी, तोपर्यंत त्या ट्रॅकमधली माणसं मेलेली असतात नाहीतर परत जिवंत झालेली असतात.

फीडबॅक वाईट असतो असं नाही हां. मी एकदा सासूच्या तोंडी असं वाक्य घातलं होतं की जे तिला अजून माहीतच नव्हतं, ते चॅनेलच्या मुलीने पकडलं, मी मनापासून थँक्यू म्हटलं तिला. ठोस सांगा, मी रात्री दोनला पण बदलून देईन. पण "काहीतरी मिसिंग वाटतंय" याचं मी काय करू? "अजून रिलेटेबल करा" याचं काय करू? एकाला सीन हेवी वाटतो, दुसऱ्याला इमोशन कमी वाटतं, दोघांचे व्हॉइस नोट एकापाठोपाठ, आणि खाली प्रॉडक्शनवाला विचारतोय सर प्रिंट कधी येईल, आर्टिस्ट मेकअप करून बसलेत.

मी आता एक करतो. प्रत्येक ड्राफ्टवर नंबर, तारीख आणि वर लिहितो की हे बदल कोणाच्या सांगण्यावरून केले. सुरुवातीला त्यांना ते आवडलं नाही. पण त्यानंतर फोन बरेच कमी झाले हे खरंय.

मुलुंडचा प्रेक्षक :

म्हणजे सिरीयलमधल्या बायका रात्री अंगभर दागिने घालून झोपतात तो पण कोणाचा तरी फीडबॅकच असणार तर. आमची आई गेली कित्येक वर्षं विचारतेय.

कंटिन्युटीताई :

हो, अक्षरशः. लुक एकदा अप्रूव्ह झाला की त्यातलं मंगळसूत्र सोडून काहीही काढायचं तर परत फोटो पाठवून विचारावं लागतं, त्यापेक्षा झोपू दे तिला तशीच असं हेअरदादा आणि मी मिळून ठरवतो. आईंना सांगा सॉरी म्हणून.

माजी ईपी :

आता मला शिव्या पडणार आहेत तरी लिहितो. मी चॅनेलमध्ये ईपी होतो, आता दुसरं काम करतो त्यामुळे कोणाची बाजू घ्यायची गरज नाही.

आधी हे समजून घ्या की सिरीयल कोणाची असते. प्रॉडक्शन हाऊसची नसते. चॅनेल एपिसोडमागे ठरलेली रक्कम देतं आणि साधारणपणे सगळे हक्क स्वतःकडे ठेवतं, रिपीट दाखवलं, ॲपवर टाकलं, दुसऱ्या भाषेत रिमेक केलं तरी ते चॅनेलचं. मग ज्याचा माल तो बघणारच ना. निर्मात्याला एपिसोड स्वस्तात काढला तर चार पैसे सुटतात, चॅनेलला एपिसोड चालला तर जाहिरात मिळते, या दोघांच्या हिशोबाच्या मधे ईपी उभा असतो.

दुसरं म्हणजे गुरुवार. बार्कचे, म्हणजे टीआरपी मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे दर गुरुवारी येतात. २०१५ पासून बार्क आहे, त्याआधी टॅमचे आकडे असायचे, दिवस वेगळा असेल पण पोटातला गोळा तोच. आणि नुसता एक आकडा नाही येत, मिनिटामिनिटाचा ग्राफ येतो. अमुक सीनला ग्राफ पडला, का पडला? आता खरं कारण हे असू शकतं की समोरच्या चॅनेलवर लग्न होतं, किंवा आयपीएल होतं, किंवा अर्ध्या कोकणात लाइट गेले होते. पण मीटिंगमध्ये तुम्ही असं म्हणू शकत नाही. तुम्हाला म्हणावं लागतं की साडी डल होती, सासूची एन्ट्री उशिरा झाली, पुढच्या आठवड्यात करेक्ट करतो. तुम्ही काहीतरी करताय हे दिसलं पाहिजे. सेटवर जो मेसेज येतो ना तो असा जन्माला येतो.

माझ्या डोक्यावर प्रोग्रॅमिंग हेड, त्यांच्या डोक्यावर बिझनेस हेड, बाजूला सेल्सवाले, त्यांनी कुठल्यातरी मसाल्याच्या ब्रँडला शब्द दिलेला असायचा की स्वयंपाकघरात डबा दिसेल. मी ते सगळं चाळून त्यातलं निम्मंच तुमच्यापर्यंत येऊ द्यायचो. ते कधी कोणी मोजलं नाही. तुम्हाला ग्रुपवर नऊ जण दिसतात, मला पंधरा दिसायचे.

अर्धविराम :

सर, तुमचं दुःख मान्य, पण त्या आकड्याच्या मागे देशभरात मिळून मीटर लावलेली पन्नास-साठ हजार घरं असतात, त्यातली महाराष्ट्रातली किती, त्यातली मराठी बघणारी किती, त्यात आमच्या वेळेला टीव्ही लावणारी किती. एवढ्याशा घरांच्या एका मिनिटाच्या ग्राफवरून तुम्ही साडीचा रंग ठरवता?

माजी ईपी :

सॅम्पल छोटं असलं म्हणून चुकीचं ठरत नाही, आठवड्याची सरासरी बऱ्यापैकी खरी सांगते. मिनिटाच्या ग्राफवरून निष्कर्ष काढू नये हे मलाही मान्य आहे, मी तिथे असताना पण मान्य होतं. पण जाहिरातदार त्याच आकड्यावर पैसे देतो, दुसरा आकडाच नाहीये. तुम्ही सांगा मी काय दाखवू त्याला, प्रेक्षकांची पत्रं?

घोडबंदरकर :

प्रॉडक्शन सांभाळतो, ठाण्याच्या बाजूला सेट आहे, बाकी ओळखा. मला क्रिएटिव्हमधलं काय कळत नाही, मला थांबलेलं युनिट कळतं.

वर ते ईपीसाहेब बोलले ते सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट त्यात नाही. ज्याने मेसेज टाकला त्याला त्या मेसेजची किंमत भरावी लागत नाही. तो लोअर परळला किंवा अंधेरीला एसीत बसून "साडी बदला" लिहितो, दोन शब्द. इकडे त्या दोन शब्दांनी काय होतं, कॅमेरा, लाइट, साउंड, मेकअप, हेअर, ड्रेस, आर्ट, स्पॉट, जनरेटरवाला, गाड्यांचे ड्रायव्हर, कॅटरिंग, सगळे मिळून ऐंशी-नव्वद माणसं खुर्च्या शोधायला लागतात. बारा तासाच्या वर गेलं की ओव्हरटाइम, बंगल्याचं लोकेशन असेल तर मालक घड्याळ घेऊन दारात, आणि माझ्याकडचं बजेट तेच. मग मी कुठून काढणार? दुसऱ्या दिवशीची कॅमेऱ्याची ट्रॉली कॅन्सल करतो, ज्युनिअर आर्टिस्ट कमी करतो, लग्नाच्या सीनला पाहुणे पंधरा. आणि मग त्याच ग्रुपवर मेसेज येतो, लग्न एवढं गरीब का दिसतंय.

बँकेचं पण असंच. सुरुवातीला हातात पंधरा-वीस एपिसोडची बँक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेला साठा असतो. करेक्शन करकरून ती खाल्ली जाते आणि मग सकाळी शूट केलेलं संध्याकाळी एडिटला आणि रात्री ऑन एअर. एडिटर जेवत नाही, म्युझिकवाला रडतो. अशा वेळी गंमत बघा, वरून एकही करेक्शन येत नाही कारण द्यायला वेळच नसतो. आणि ते एपिसोड काही वाईट जात नाहीत.

२०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झाली तेव्हा बऱ्याच सिरीयली बाहेर गेल्या, कोण गोव्याला, कोण सिल्वासाला, कोण हैदराबादला. आम्ही गोव्याला होतो. बायोबबलमुळे मोजकीच माणसं, ऑफिसमधलं कोणी नाही, रिसॉर्टमध्ये रेंजची बोंब. मी शपथेवर सांगतो इतकं सुरळीत काम मी आधी बघितलं नव्हतं. डिरेक्टर ठरवायचा आणि व्हायचं. मे महिन्यात गोव्याने परवानग्या काढून घेतल्या आणि सामान उचलून निघावं लागलं ती गोष्ट वेगळी.

वरळीचे काका :

घोडबंदरकरसाहेब, लिहिलंत छान. पण पूर्वी सगळं सुखात होतं असा कोणाचा समज होऊ नये म्हणून थोडं जुनं सांगतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. मी तिथे बाहेरून काम करणाऱ्यांपैकी, पुढे ऐंशीच्या दशकात प्रायोजित मालिका आल्या तेव्हा दोन निर्मात्यांकडे सहायक होतो. तेरा भाग मंजूर व्हायचे. त्या तेरा भागांसाठी आधी प्रस्ताव, मग संहिता, मग पायलट, मग समिती, आणि फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला जो वेळ घ्यायची त्यात आमचे बालकलाकार मिशा फुटून नायकाच्या वयाचे व्हायचे. एका निर्मात्याने तर मंजुरी येईपर्यंत कर्ज फेडण्यासाठी घर विकायला काढलं होतं. तेव्हा जाच नव्हता असं कोणी म्हणू नये.

फरक एवढाच की एकदा संहितेवर सही झाली की सेटवर कोणी यायचं नाही. तयार टेप बघून आक्षेप घ्यायचे, पण मेकअप रूममध्ये येऊन टिकली मोठी करा असं म्हणणारा साहेब मला आठवत नाही. १९९९ ला अल्फा मराठी (आताचं झी मराठी) आलं, पाठोपाठ ईटीव्ही मराठी, मग रोजच्या मालिका आल्या आणि रोज सही करायची सोय राहिली नाही, म्हणून सही करणारा माणूसच सेटवर आला. मला तरी हे असं दिसतं.

आणि मुळात मॅनेजमेंट वाईट असं नाही हो. जुन्या प्रभात फिल्म कंपनीत काय कमी शिस्त होती? सगळे पगारी, वेळेवर हजेरी, खात्यांची वाटणी. पण मालकांपैकी दामले स्वतः ध्वनी बघायचे, फत्तेलाल कलादिग्दर्शन करायचे, शांतारामबापू दिग्दर्शन करायचे. साहेबाने "हे बदल" म्हटलं तर बदलायला किती वेळ लागेल हे साहेबाला स्वतःच्या हाताने माहीत होतं.

टाइमलाइन :

ताईंचा शेवटचा प्रश्न राहिलाच, ओटीटीबद्दल. मी एडिटर आहे, आधी मराठी सिरीयल कापायचो, आता आरामनगरच्या एका स्टुडिओत हिंदी वेबसिरीज कापतो. सुटका वगैरे विसरा.

वेळ जास्त मिळतो, पैसे बरे मिळतात, जेवायला मिळतं. पण कट अपलोड केला की लिंकवर टाइमकोडसकट कमेंट पडतात आणि प्रत्येक जण लॉगिन करून टाकतो. एकाच टाइमकोडवर एकाने लिहिलेलं असतं "हा पॉज सुंदर आहे, ठेवा" आणि त्याच्याखाली दुसऱ्याने "इथे लॅग होतोय, ट्रिम". दोघं एकाच ऑफिसात, बहुतेक एकाच कॉफी मशीनवर उभे. एकमेकांशी बोलले असते तरी माझी रात्र वाचली असती. मी तो पॉज आठ फ्रेमने, म्हणजे सेकंदाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने कमी केला, दोघांनी रिझॉल्व्ड म्हणून टिक केलं.

शिवाय ओटीटीला एक थर वाढलाय तो लीगलचा. २०२१ च्या फेब्रुवारीत नवीन आयटी नियम आले, त्याच्या महिनाभर आधी एका सिरीजवरून एफआयआर झाले होते, तेव्हापासून स्क्रिप्टपासून सबटायटलपर्यंत वकील वाचतात. देवळाच्या मागून कोण चाललंय, पोस्टरवर कोणाचा फोटो आहे, पात्राचं आडनाव काय आहे. त्यांना मी नावं ठेवत नाही, ते निदान स्पष्ट लिहितात की हे काढा, कारण हे. चिडचिड होते ती त्याच्याआधीच सगळे घाबरून स्वतःहून काढून टाकतात त्याची, वकिलापर्यंत पोचायच्या आधीच सीन उडालेला असतो आणि कोणी उडवला ते कोणालाच सांगता येत नाही.

मराठी फिल्मचं वेगळं आहे. तिथे पैसाच इतका कमी की जास्त साहेब परवडत नाहीत. पण तीन-चार निर्माते मिळून पैसे घालतात तेव्हा प्रत्येकाचा भाचा एडिटला येऊन बसतो, तो त्रास वेगळा आणि त्याच्यावर औषध नाही.

माजी ईपी :

टाइमलाइन, ते आठ फ्रेमचं खरंय, आम्हाला माहीत असायचं तुम्ही लोक असं करता.

टाइमलाइन :

माहीत असून टिक करायचात ना सर, मग झालं तर :)

कंटिन्युटीताई :

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ईपीसरांचं गुरुवारचं वाचून आमच्या ईपीबद्दल थोडं वाईट वाटलं, तो बुधवारपासूनच ग्रुपवर जास्त लिहायला लागतो हे आता लक्षात आलं.

पण माझा मधला प्रश्न अजून तसाच आहे. अर्धविराम दादांना ड्राफ्टवर नाव लिहिता येतं, मी एडी, लाइनमधली सगळ्यात खालची. मी ग्रुपवर "तुमच्या दोघांपैकी कोणाचं ऐकू" असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी मला कॉल टाइमच येणार नाही. मग करायचं काय प्रत्यक्षात?

घोडबंदरकर :

तुम्ही विचारायचंच नाही ताई, तुम्ही फक्त हिशोब टाकायचा, आणि तोसुद्धा तुमच्या नावाने नाही. मेसेज आला की आधी डिरेक्टर आणि तुमचा प्रॉडक्शन कंट्रोलर या दोघांना गाठा, बाकी कोणाला नाही. मग प्रॉडक्शनच्या फोनवरून ग्रुपवर असं जाऊ द्या: "नमस्कार सर, साडी बदल होईल. चेंज आणि लाइट धरून एक तास पंधरा मिनिटं. बेडरूमचा भाग जुळणार नाही, रीशूटला नणंदेची डेट पुढच्या आठवड्यात. आज सीन नंबर १४ ड्रॉप होईल. कन्फर्म करावे, तोपर्यंत आहे त्या लुकमध्ये शूट चालू ठेवत आहोत." एवढंच. नाही म्हणायचं नाही, वाद घालायचा नाही, कारण पण द्यायचं नाही. शेवटची ओळ महत्त्वाची, काम थांबवायचं नाही. आमच्याकडे हे सुरू केल्यापासून कन्फर्म फार थोड्या वेळा आलंय, बाकी वेळा ग्रुप गप्प होतो आणि आम्ही पुढे जातो.

सीन ड्रॉप होईल हे मात्र खोटं लिहू नका कधी. एकदा जरी पकडले गेलात तर मग कोणी मानणार नाही.

अर्धविराम :

हे मी कॉपी करून ठेवतोय. दादा, लेखकांसाठी पण असं एखादं बनवून द्या ना, "सीन बदलून मिळेल, तीन तास, आणि मागचा चेक" वगैरे.

घोडबंदरकर :

चेकचं मला विचारू नका, अकाउंट्सचा ग्रुप वेगळा आहे, त्यात मी पण रांगेतच आहे.